माझ्या लेकीची तहान

माझी मुलगी चोरून खाते, असं मी दोन वर्षं धरून चालले होते. शेजारीपाजारी नाही, पाहुणेरावळे नाही, मी. तिची आई. आणि धंद्यानं जीवशास्त्राची मास्तरीण. लातुरात क्लासच्या पोरांच्या सायकलींनी गल्ल्या तुंबायला लागल्या तेव्हापासून मी अशाच एका क्लासमध्ये माइक लावून पेशी, रक्त, अनुवंश शिकवत आले. दोनशे पोरं समोर, सगळी डॉक्टर व्हायला निघालेली. त्यातली बरीच झालीसुद्धा. घरात मात्र मी जे केलं ते अंगठेबहाद्दर बाईनंही केलं नसतं, आणि तेच लिहायला मी बसले आहे. मन हलकं वगैरे करायला नाही. ते हलकं व्हावं अशी माझी इच्छाच नाही.

आधी सोयरिकीचं सांगते, कारण सगळं तिथून सुरू होतं.

भूकंप झाला तेव्हा मी नांदेडला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, होस्टेलवर. आमचं गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. सकाळी मेसमध्ये चहा घेताना रेडिओवर ऐकलं, मिळेल त्या जीपनं, ट्रकनं दुपारी पोचले, तर गाव ओळखू येईना. आई, वडील, धाकटे दोघं भाऊ. चौघंही. त्याच्यावर लिहिणारे पुष्कळ झाले, मी एवढंच लिहिते.

त्यानंतरच्या वर्षात आमच्या भागात लग्नं फार झाली. घरोघरची माणसं गेलेली, उरलेल्यांना भीती, की आता आहे तेही हातचं जाईल. परक्याचं स्थळ कुणी बघायलाच तयार नाही. जिथं रक्ताचं माणूस आहे तिथं पोरगी देऊन मोकळं व्हायचं. मामानं भाची करायची रीत आमच्यात तशी जुनीच. पाळण्यातल्या पोरीकडं बघून 'हिच्यावर पहिला हक्क मामाचा' असं हसत-हसत म्हणतात. पण त्या वर्षी कुणी हसत नव्हतं. पत्र्याच्या शेडमध्ये बसून माझ्या मावशीनं ठरवलं. "बाहेर कशाला घालवायची पोरगी? आधीच एवढं गेलंय. घरातलं घरात ऱ्हाऊ दे," ती म्हणाली, आणि माझ्या आईच्या सगळ्यात धाकट्या भावाशी माझं लग्न लागलं.

माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. गंजगोलाईत कापडाचं दुकान. लहानपणी ह्याच्याच खांद्यावर बसून मी जत्रा बघितलेली. लग्नाच्या आदल्या दिवसापर्यंत 'मामा, तू', आणि दुसऱ्या दिवसापासून 'अहो'. जीभ वळेना. वर्षभर मी त्यांना हाकच मारली नाही, जवळ जाऊन बोलायची. माणूस मात्र सोन्यासारखा. वाईट असता तर आता शिव्या द्यायची तरी सोय झाली असती.

मला कळत नव्हतं असं कुणी समजू नये. जवळच्या नात्यात लग्न झालं की लपलेले दोष वर येतात, हे पेपरात लिहून मी मार्क घेतले होते. मांडवात बसताना ते आठवलं का? आठवलं. पण कुणीतरी मला 'आमची' म्हणत होतं, आणि तेवढ्यासाठी त्या वेळी मी कुठंही जाऊन बसले असते.

तीन वर्षांनी मुलगी झाली. एकच. धडधाकट, काळेभोर डोळे, आणि बडबड तर अशी की गिऱ्हाइकं कापड विसरून तिच्याशी बोलत बसायची. सहा वर्षांची असताना तिची शुगर निघाली. पंधरा दिवसांत पोरगी हाडं-हाडं झाली, अंथरूण ओलं करायला लागली, आणि एका दुपारी दप्तरासकट वर्गात झोपली ती उठेना. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "लहान मुलांचा मधुमेह. शरीरच आपल्या इन्शुलिनच्या पेशींवर उठतं. आता जन्मभर इंजेक्शन." मी मान डोलावली. हे मला माहीत होतं, दरवर्षी शिकवत होते. शेजारच्या बायका म्हणाल्या, "तू भूकंपात लई रडलीस, त्ये लेकराच्या पोटात उतरलं." मी त्यांना फाडफाड बोलले. शिकलेली होते ना मी!

मग आमचं घर म्हणजे शाळाच झाली. सकाळी इंजेक्शन, संध्याकाळी इंजेक्शन, भाकरी मोजून, भात मोजून. घरात गोड बंद, आम्हालाही. संक्रांतीला मी तिळगूळ केला नाही, आणि दिवाळीला अनारसे असतील त्या घरी तिला पाठवलं नाही. तिनं कधी हट्ट केला नाही. सात वर्षांची पोरगी स्वतःच्या मांडीत सुई टोचून घ्यायची आणि मला म्हणायची, "आई, तू तिकडं बघ, तुला भीती वाटते." असं लेकरू. असं लेकरू चोर आहे, असं मला पुढं वाटलं.

चौदाव्या वर्षी ती पाणी प्यायला लागली. पाणी म्हणजे कसं, तर तांब्यावर तांब्या. आणि दर तासाला बाथरूम. लातुरात तेव्हा आठ-दहा दिवसांनी नळ यायचा, टँकरसाठी भांडणं व्हायची, आणि आमच्या घरातली पोरगी हंडाभर पाणी एकटी संपवायची. तहान आणि लघवी म्हटलं की कुणीही काय म्हणेल? साखर वाढली. मीही तेच म्हटलं. तपासायच्या पट्ट्या महाग, म्हणून आम्ही सकाळी एकदाच बघायचो. सकाळचा आकडा ठीक यायचा. मग मला वाटायचं, दिवसा काहीतरी खाते, आणि हे पाणी पिऊन-पिऊन साखर पातळ करून सकाळी साळसूद होऊन बसते. पाणी पिऊन साखर पातळ! वर्गात कुणा पोरानं असं उत्तर लिहिलं असतं तर मी ते सगळ्यांना वाचून दाखवून हसवलं असतं.

"काय खाल्लंस?"

"काई न्हाई, आई."

"मग एवढी तहान कशाची?"

"मला न्हाई माहीत. लागते."

मी इन्शुलिन वाढवलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, साखर जास्त वाटली तर दोन युनिट वाढवा. मी दोनाचे चार केले, चाराचे सहा. कपाटाला कुलूप लावलं. गुळाचा डबा सुद्धा आत. किल्ली माझ्या कमरेला.

आणि एका रविवारी तिच्या दप्तरात मला बिस्किटाचा पुडा सापडला, अर्धा संपलेला, वहीच्या कव्हरमध्ये दडवलेला. झालं. मला जे हवं होतं ते मिळालं. मी तिला मारलं. चापट नाही, मारलं. ह्यांनी हात धरला म्हणून थांबले. ती रडत एवढंच म्हणत होती, "आई, मला कापरं भरतं गं. वर्गात कापरं भरतं. खाल्लं की थांबतं." मी म्हटलं, "नाटकं करू नकोस." इन्शुलिन जास्त झालं की साखर उतरते, हातपाय कापतात, आणि तेव्हा दोन बिस्किटं खाल्ली नाहीत तर माणूस बेशुद्ध पडतं, हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. ती माझ्या वाढवलेल्या डोसातून जीव वाचवायला बिस्किटं खात होती. पुडा मी केराच्या डब्यात टाकला. त्यानंतर तिनं जवळ काही ठेवलं नाही, आणि पंधरा दिवसांनी शाळेत पायऱ्या उतरताना कोसळली. डोक्याला टाके पडले. तरी मी म्हटलं, खाण्याच्या वेळा पाळत नाही, दुसरं काय.

डोळ्यांचंही तसंच. तिचा चष्मा तीन वर्षांत चार वेळा बदलला. दुकानदार भिंगं बदलून-बदलून दमला. अकरावीला तिला मी आमच्याच क्लासला घातलं, पहिल्या बाकावर बसवलं. अनुवंशाचा धडा शिकवताना मी बोर्डावर लाल खडूनं एक खूण करायची आणि हिरव्यानं दुसरी. घरी आल्यावर तिची वही उघडली, तर सगळ्या खुणा एकाच रंगाच्या. "आई, तू दोन रंग कुठं वापरलेस? मला तर एकच दिसला," ती म्हणाली. मला वाटलं लक्ष नाही. दोनशे पोरांसमोर मी तिला उभं केलं दुसऱ्या दिवशी. म्हटलं, "लाल कुठला, दाखव." ती बोर्डाजवळ आली, अगदी नाक लागेल एवढी जवळ, आणि हिरव्यावर बोट ठेवलं. पोरं हसली. मीही त्या हसण्यात होते, हे मला विसरता येत नाही.

शेवटी ह्यांनीच हट्ट धरला. एरवी घरात माझं चालायचं, पण त्या दिवशी म्हणाले, "नांदेडला डोळ्याचे लई जुने डॉक्टर हायेत. आपण उद्याच जाऊ. तुझ्या क्लासची परीक्षा-बिरीक्षा गेली खड्ड्यात." सकाळच्या एस.टी.नं निघालो. लातूर ते नांदेड तीन-साडेतीन तास. तिनं दोनदा गाडी थांबवायला लावली, कंडक्टर वैतागला, आणि लोह्याच्या स्टँडवर ती उतरून जी पळत गेली, ती चुकीच्या दारात शिरायला लागली. पुरुषांच्या. पाटी केवढी मोठी होती. मी तिला हात धरून वळवलं, आणि परत गाडीत बसेपर्यंत तो हात सोडला नाही.

नांदेडचे डॉक्टर म्हातारे, बोलण्यात निम्मी उर्दू. त्यांनी औषध घालून तिच्या डोळ्यात पुष्कळ वेळ बघितलं. मी आपली तयार होते, शुगर नीट सांभाळली नाही म्हणून बोलणी खायला. त्यांनी तिला म्हटलं, "बेटा, तू जरा बाहेर बैठ." दार लावलं. आणि विचारलं, "लग्नाआधी तुमचं दोघांचं नातं काय होतं?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "मामा-भाची."

त्यांनी ते कागदावर टिपून घेतलं. मग म्हणाले, शुगरनं डोळे जातात तेव्हा आतल्या पडद्यावर रक्त दिसतं, डाग दिसतात. हिचा पडदा साफ आहे. हिची डोळ्याकडून मेंदूकडं जाणारी नसच पांढरी पडत चालली आहे, दोन्हीकडची. "हे शुगरमुळं नाही. शुगर आणि हे, दोन्ही तिसऱ्याच कशामुळं." मग त्यांनी विचारलं, पाणी फार पिते का. मी खुर्चीचा हात धरला.

रक्त हैदराबादला पाठवलं, लघवी तपासली. दीड महिन्यानं पुन्हा बोलावलं. त्या आजाराला कुणा परदेशी डॉक्टरचं नाव आहे. मी ते इथं लिहिणार नाही, उगाच त्याला माझ्या घरात पाट-पाणी कशाला! डॉक्टरांनी पुस्तक वाचून ठेवलं होतं, कागदावर गोल काढून समजावलं. इन्शुलिन पेशीत तयार होतं ते आधी लांब धाग्यासारखं. त्याला नीट घडी पडली तरच ते बाहेर कामाला जातं. घडी चुकली तर ते आतच साचतं, आणि साचलं की पेशीवर ताण येतो. तो ताण आवरणारं एक प्रथिन असतं. आमच्या लेकीकडं ते धड नव्हतं, कारण त्याचा जनुक आईकडून आलेलाही बिघडलेला आणि बापाकडून आलेलाही. एकच बिघडलेला असता तर तिला काही झालं नसतं, जसं आम्हा दोघांना झालं नाही. ताण आवरेनासा झाला की पेशी आपली आपण मरते. तिच्या शरीरानं तिच्यावर हल्ला केलाच नव्हता. पेशी राबून-राबून संपल्या होत्या.

"म्हंजे घड्या घालणारा माणूसच न्हाई," हे हळूच म्हणाले. "आन् वरून माल तर येतच ऱ्हायला."

"हाव," डॉक्टर म्हणाले. "बिलकुल तसंच."

तेच प्रथिन डोळ्याच्या नसेला लागतं. मेंदूत शरीराचं पाणी धरून ठेवणारी जी जागा आहे तिला लागतं. कानाला लागतं. मी विचारलं, "साखर आणखी काटेकोर ठेवली असती तर डोळे वाचले असते का?" ते म्हणाले, "नाही, ताई. काहीही केलं असतं तरी नसते वाचले." लोकांना असं उत्तर ऐकून सुटल्यासारखं होत असेल. मला झालं नाही. म्हणजे ती कुलपं, ती मोजलेली भाकरी, ते वळ, सगळं कशासाठीच नव्हतं. औषध काय, म्हटलं. ते म्हणाले, "या नसेला आज तरी औषध नाही. खोटं कशाला बोलू?"

तहानेला मात्र होतं. बारकीशी पांढरी गोळी, तिचा अर्धा तुकडा, दिवसातून दोनदा. तिसऱ्या दिवशी ती क्लासहून घरी आली आणि दप्तरातली बाटली निम्मी भरलेली होती. रात्रभर झोपली, उठली नाही. सकाळी म्हणाली, "आई, काय छान वाटतंय गं, तहानच न्हाई!" अर्ध्या गोळीचं काम होतं. मी ओट्याला धरून उभी राहिले, दूध उतू गेलं, मी गॅस बंद केला नाही. दोन वर्षं मी त्या तहानेला चोरी म्हणत होते.

हे त्या दिवसांत दुकानाला जाईनात. एकदा जेवता-जेवता ताट बाजूला सारून म्हणाले, "मामा म्हणून माझं काम काय होतं? तुला चांगलं घर बघून द्यायचं. ते मी केलं न्हाई." इतक्या वर्षांत ते माझ्याशी मामा म्हणून बोललेले तेवढंच. मला त्यांची समजूत घालता आली नाही. घालायची म्हटली तरी कुठल्या नात्यानं घालू?

बारावीची परीक्षा तिनं लेखनिक घेऊन दिली. पास झाली. तिच्या बाकावरच्या दोघी एम.बी.बी.एस.ला लागल्या, पेढे घेऊन आल्या, आणि माझ्या पाया पडल्या. ती त्यांचा आवाज ओळखून हसली. मी क्लास सोडला नाही. पुढच्या वर्षी तोच धडा आला, मी शिकवला, पोरांनी मामाच्या पोरीवरून दरवर्षीचा विनोद केला. मी मोठ्यानं ओरडले त्यांच्यावर. का ओरडले ते त्यांना कळलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी, ती एकोणिसाची असताना, एका दुपारी मी तिची वेणी घालत होते. आता तिला उजेड कळतो, दारात कुणी आलं तर सावली कळते, बाकी नाही. किती दिवस बोलायचं राहिलेलं ते मी बोलून टाकलं. म्हटलं, "बाळा, मी तुला बिस्किटांवरून मारलं होतं. तू खरं बोलत होतीस. कुलूप लावलं, सगळ्यांसमोर उभं केलं. माझं चुकलं. फार चुकलं." रडायचं नाही असं ठरवलं होतं, तेवढंही जमलं नाही.

तिनं हात मागं करून माझी बोटं चाचपली. मग म्हणाली, "आई, एक सांगू? एकदा मी खरंच खाल्लं होतं."

"काय?"

"श्रीखंड. मावशीआजीकडं, लग्नात. दोन वाट्या. तुला सांगितलं न्हाई. तू मारलंस ते तसं बरोबरच होतं."

त्या लग्नाला आम्ही गेलोच नव्हतो. तिथं गोड असणार, म्हणून मीच जाऊ दिलं नव्हतं. दिवसभर दाराला आतून कडी घालून मी घरात बसले होते, आणि ती माझ्यासमोर बसून भूगोल पाठ करत होती. हे तिलाही माहीत होतं, आणि मला आठवत नसेल असं समजून ती माझ्यासाठी चोर व्हायला तयार झाली होती. जी गोष्ट मार खाऊनही तिनं कबूल केली नाही, ती आता आपणहून कबूल करत होती, आईला झोप लागावी म्हणून.

आणि मी? मी 'खोटं बोलू नकोस' म्हटलं नाही. मी मान हलवली, हो म्हणून. ती मान तिला दिसली नाही.

"आई," ती म्हणाली, "ऐकलंस ना?"

"ऐकलं," मी म्हटलं. तिचा चेहरा तसाच, वाट बघत. मग मी उठून तिच्या उजव्या बाजूला गेले, वाकले, आणि पुन्हा मोठ्यानं म्हटलं, "ऐकलं गं." कारण डाव्या कानानं आता तिला नीट ऐकू येत नाही.